कोरं माणूस

लडकू मढवीने गोडाऊनच्या गेटवरची नोकरी चार महिन्यांत सोडली, तेव्हा भिवंडीजवळच्या पूर्णा गावात सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. बसून पगार होता. खुर्ची होती, डोक्यावर पत्रा होता, उन्हाळ्यात पंखासुद्धा लावून दिला होता. त्याची बायको आनंदीबाई आठ दिवस त्याच्याशी भांडत होती.

"खुर्चीवर बसाचं, त्याचं पन तुला ओझं झालं?"

"बगायला कायच न्हाय तिथं," लडकू म्हणाला. "गेट हाय. गेट कुटं पलून जातंय?"

तो हे गंभीरपणे बोलत होता. त्याआधीची सव्वीस वर्षं त्याने धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात माग चालवले होते. एका माणसाकडे सहा लूम. एकाची सुताची कांडी संपत आलेली असते, दुसऱ्याची तार तुटलेली असते, तिसऱ्याचा इकडून तिकडे धावणारा धोटा आता अडकणार हे त्याच्या आवाजावरून कळतं, आणि हे सगळं एकाच वेळी. माणूस एका मागासमोर उभा असतो आणि त्याचं लक्ष उरलेल्या पाचांवर असतं. मालकाने जुने लूम भंगारात काढून जागा भाड्याने दिली, तेव्हा लडकू त्रेपन्न वर्षांचा होता. कान थोडे गेले होते, आवाज मोठा झाला होता. सहा ठिकाणी ठेवायची सवय असलेलं लक्ष रिकामं होऊन त्याच्याबरोबर घरी आलं. आता ते कुठे ठेवायचं हे त्याला कळेना. ओटीवर बसून तो गोडाऊनकडे वळणारे कंटेनर बघायचा, त्याच वेळी घरातला कुकर ऐकायचा, शेजारच्या मुलीचे पाढे ऐकायचा आणि मध्येच ओरडायचा, "चार शिट्या झाल्या गो! आनि पोरी, सात नवे त्रेसष्ट, एकसष्ट न्हाय!"

"मना कान हायेत," आनंदीबाई आतून म्हणायची.

अशा माणसाला हेमालीने पकडलं.

हेमाली त्याच्या धाकट्या भावाची, मनोजची मुलगी. मनोज गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. दोघा भावांचं घर एकच, मध्ये भिंत घातलेली, पुढची ओटी दोघांची. बारावी सायन्स झाल्यावर हेमालीने मानसशास्त्र घेतलं आणि तेही बी.एस्सी.ला, कल्याणच्या एका कॉलेजात. घरात हे कुणाला नीट समजलं नाही.

"म्हंजे येड्यांची डॉक्टर?" आनंदीबाईने विचारलं.

"डॉक्टर नाही गं, काकू."

"मग मानसाच्या मनातलं वलखायचं?"

"तेही नाही."

"मंग तीन वर्सं करनार काय?"

"मोजायचं," हेमाली म्हणाली. "माणसाचं लक्ष किती वेळ टिकतं, किती आठवतं, दिवा लागल्यावर किती वेळात बोट हलतं. मोजायचं आणि लिहायचं."

आनंदीबाईला यात काहीतरी फसवाफसवी वाटली. लडकूला मात्र लगेच पटलं. कारखान्यातही सगळं मोजलंच जात होतं.

प्रत्येक प्रयोगाला एक माणूस लागतो. पुस्तकात त्याला प्रयोज्य म्हणतात, कॉलेजात सगळे सब्जेक्ट म्हणतात. वर्गातल्या मुली सुरुवातीला एकमेकींवर प्रयोग करत, पण त्यांना तो प्रयोग कशाचा आहे हे आधीच माहीत असे. करिष्मा मॅडमनी ते बंद केलं. "बाहेरचं माणूस घ्या," त्या म्हणाल्या. "कोरं माणूस. तुम्ही काय शोधताय हे ज्याला ठाऊक नाही, असं."

हेमालीचा बाप ड्युटीवर असे आणि आईला ओटीवर बसायला फुरसत नसे. लडकू रिकामा होता.

पहिला प्रयोग अवधानाच्या विभाजनाचा होता. एका मिनिटात कागदावरच्या चौकोनांत पेन्सिलने फुल्या मारायच्या. मग एक मिनिट मोठ्याने शंभरापासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायचं. आणि शेवटी दोन्ही एकदम. दोन्ही एकदम केलं की दोन्हींत घट होते, कारण माणसाचं लक्ष वाटलं जातं. पुस्तकात असं दिलं होतं आणि वर्गात सगळ्यांचं तसंच आलं होतं.

लडकूचं तसं आलं नाही. त्याने एकट्या फुल्या मारल्या तेव्हा एकाहत्तर, आणि मोजता मोजता मारल्या तेव्हाही एकाहत्तर. मोजण्यात एकही चूक नाही. हेमालीने पुन्हा करायला लावलं. बहात्तर आणि एकाहत्तर. तिसऱ्यांदा पुन्हा तेच. तिचं तोंड उतरलं.

"कनाला थांबलीस?" लडकू म्हणाला.

"काका, असं येत नाही."

"काय येत न्हाय?"

"दोन्ही एकदम केलं की कमी व्हायला पाहिजे. असं जर्नलमध्ये लिहिलं तर मॅडम म्हणतील, मी घरी बसून आकडे टाकले."

लडकू कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजून एक बार लाव घड्याल. मगाशी माजं ध्यान न्हवतं."

चौथ्या वेळी त्याच्या एकोणपन्नास फुल्या झाल्या आणि मोजताना तो दोनदा चुकला. हेमालीने तो चौथा प्रयत्न जर्नलमध्ये लिहिला. पहिल्या तिन्हींचे कागद तिने फाडले नाहीत, फक्त पिशवीत ठेवून दिले. ती तेव्हा अठरा वर्षांची होती आणि पुस्तक चुकत असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

त्यानंतर तीन वर्षं लडकू तिचा सब्जेक्ट होता. आरशात बघून त्याने चांदणीच्या कडेने पेन्सिल फिरवली. अर्थ नसलेले शब्द पाठ केले आणि वीस मिनिटांनी आठवून सांगितले. निळ्या शाईत लिहिलेल्या 'लाल' या शब्दाचा रंग सांगताना अडखळला, पुस्तकात माणसं जितकी अडखळतात साधारण तितकाच. वर्गातल्या मुलींचे आकडे कुठेही जात. एकीच्या मावशीला वीस मिनिटांनी पहिल्यापेक्षा जास्त शब्द आठवले. हेमालीचं जर्नल मात्र स्वच्छ होतं. मॅडम ते इतरांना दाखवत.

गावात लडकूची पत वाढली. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, काय लडकूशेठ, सध्या काय चालू, की तो सांगायचा, "मी कॉलेजात हाय. सब्जेक्टमदी."

"पगार किती?"

"पगार न्हाय. माज्या डोक्याचं काम हाय."

"तुजं डोकं चालतंय आजून?"

"तेच तर मोजतात."

तिसऱ्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचं एक संशोधन करायचं होतं. हेमालीने विषय घेतला: यंत्रमागाच्या आवाजाचा लक्षावर होणारा परिणाम. भिवंडीच्या मुलीने दुसरा कुठला घ्यायचा? मांडणी साधी होती. आकड्यांनी भरलेला एक कागद द्यायचा, त्यातले सगळे सातचे आकडे खोडायला सांगायचे आणि लागलेले सेकंद मोजायचे. एकदा शांततेत, एकदा कानाला हेडफोन लावून. हेडफोनमध्ये लूमचा आवाज. तो तिने एका चालू कारखान्यात उभं राहून मोबाइलवर घेतला होता. आवाजात वेळ जास्त लागेल, असं तिचं गृहीतक होतं. तीस माणसं हवी होती.

ती लडकूने आणली. चार रविवार ओटीवर माणसं येत राहिली. गोडाऊनमधले हमाल, बचत गटातल्या बायका, रिक्षावाले. हेमाली आतल्या खोलीत दार लावून एकेकाला बसवायची. बाहेर पायरीवर लडकू बसायचा. आलेल्याला पाणी द्यायचा, नंबर सांभाळायचा, मोबाइल बंद करायला लावायचा. या कामात तो सुखी होता. सहा लूमची पाळी परत मिळाल्यासारखा.

या वेळी हेमालीने एक गोष्ट केली होती जी तिने लडकूला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखं काही त्यात तिला वाटलं नव्हतं. माणूस तेच काम दुसऱ्यांदा करतो तेव्हा हात बसलेला असतो, म्हणून तो थोडा वेगाने करतो. सगळ्यांना आधी शांतता आणि मग आवाज दिला, तर आवाजाचा परिणाम कुठला आणि सवयीचा कुठला हे कळणार नाही. म्हणून स्टीलच्या डब्यात तीस चिठ्ठ्या घातल्या होत्या. पंधरांवर 'आधी शांत', पंधरांवर 'आधी आवाज'. जी चिठ्ठी निघेल त्या क्रमाने तो माणूस करणार.

तीस माणसं झाली. हेमाली आकडे घेऊन बसली. आवाजातली सरासरी आणि शांततेतली सरासरी जवळपास सारखीच निघाली. अर्ध्या सेकंदाचासुद्धा फरक नव्हता. तिला वाईट वाटलं, पण तेवढंच. मग तिने तोच तक्ता क्रमाने लावून पाहिला, आणि तिचा हात थांबला.

तिसांतली अठ्ठावीस माणसं दुसऱ्यांदा हळू झाली होती. आधी शांतता मिळालेली आवाजात हळू झाली होती, आणि आधी आवाज मिळालेली शांततेत हळू झाली होती. दहा, बारा, पंधरा सेकंदांनी. माणसं दुसऱ्यांदा हळू होत नाहीत. दीड मिनिटाच्या कामाने कुणी दमतही नाही. त्यातून ही दिवसभर पोती उचलणारी माणसं.

दोघांनीच दुसऱ्यांदा वेगाने केलं होतं. एक रामू टेम्पोवाला. दुसरी आनंदीबाई.

हेमाली उठून भिंतीपलीकडे गेली. आनंदीबाई सुकट निवडत होती.

"काकू, तू माझा तो सातवाला कागद केलास ना, त्याच्या आधी काका तुला काय बोलला होता?"

"बोलत व्हता कायतरी. मी कवा ऐकते त्याचं?"

रामूला फोन लावला. तो म्हणाला, "काका काय बोलणार? मी उशिरा आलो होतो ना. गाडी रस्त्यात उभी करून. तू थेट आत घेतलंस मला."

लडकू ओटीवर होता. कंटेनर बघत होता. हेमाली त्याच्यासमोर खाली बसली.

"काका, लोकं आत यायच्या आधी तू त्यांना काय सांगायचास?"

"काय न्हाय. पानी प्या सांगायचो."

"काका."

"हा मंग. सांगायचो, पयल्या वेलेला झपाझप करा. दुसऱ्या वेलेला जरा दमानं."

"का?"

लडकूला प्रश्नच विचित्र वाटला. "का म्हंजे? तुजा रिझल्ट यायला नको? तीन वर्सं बगतोय मी. पयली बार सोपं असतं, दुसरी बार कठीन असतं. कठीन असलं की टाइम जास्त लागला पायजे. ही लोकं नवीन. त्यांना काय म्हायती? एकादा गेला दुसऱ्या वेलेला सुसाट, तर तुजं वाटोलं."

"आणि तू? तू पण तसंच करायचास?"

लडकूने रस्त्यावरच्या कंटेनरकडे नजर वळवली. मग म्हणाला, "तुजं तोंड दिसतं ना समोर."

"कधीपासून?"

"ते फुल्याफुल्या व्हतं तवापासून. ते मना जमत व्हतं गो. दोन्ही एकदम. त्यात काय हाय? सहा लूम चालवलेत मी. पन तू रडकुंडीला आलीस. कापड फॉल्टी निघालं तर मालक कुनाला धरतो? लूमला? मागवाल्याला धरतो. तुज्या हातात माज्यामुलं फॉल्टी कापड जाईल, आनि मी बगत बसू?"

हेमालीला चिडायचं होतं. चिडायला जागा सापडेना. त्या पहिल्या दिवशी तीन खरे कागद बाजूला ठेवून चौथा तिनेच लिहिला होता. लडकूने फक्त तिच्याकडून शिकून घेतलं होतं आणि पुढची तीन वर्षं ते नीट, न चुकता केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेली आणि करिष्मा मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी तक्ता दोनदा वाचला. हसू येत होतं ते त्यांनी आवरलं.

"हा डेटा वापरता येणार नाही, हेमाली."

"हो, मॅडम."

"जर्नलचं झालं ते झालं, त्याचे मार्क गेले युनिव्हर्सिटीत. प्रोजेक्ट द्यायला किती दिवस आहेत?"

"बारा."

"नाही दिलंस तर वर्ष जाईल. तीस नवी माणसं मिळतील?"

"बघते."

"आणि काका नकोत," मॅडम म्हणाल्या. "सब्जेक्ट म्हणूनही नकोत, पायरीवरही नकोत."

हे घरी सांगणं अवघड होतं. तिने दोन दिवस घालवले. त्या दोन दिवसांत तिला कळलं की पूर्णा गावात कोरं माणूस उरलेलं नाही. सात खोडायचे असतात आणि दुसऱ्यांदा हळू करायचं असतं, हे शाळेतल्या पोरांनासुद्धा पाठ होतं. शेवटी ती ओटीवर आली आणि उभ्यानेच म्हणाली, "काका, ते सगळं परत करायचंय. दुसरी माणसं घेऊन. आणि तू चालणार नाहीस."

"कनाला?"

"तुला सगळं माहीत आहे. ज्याला माहीत आहे तो चालत नाही."

लडकू हसला. हसणं बरं नव्हतं. "म्हंजे शिकला म्हनून कामावरून काढला. कारखान्यात उलटं व्हतं."

आनंदीबाई दारात आली होती. "बरं झालं. आता घरात बगा जरा. नल गलतोय चार दिवस."

तो नळ बघायला गेला. वायसर बदलता बदलता त्याने आतून ओरडून विचारलं, "मानसं कुटनं आननार?"

"माहीत नाही."

"धामणकर नाक्याला मिलतील. पायजे तेवडी. पन तुला शांत जागा पायजे, नाक्यावर शांत जागा कुटं हाय?"

"तेच ना."

बराच वेळ पाना फिरवल्याचा आवाज येत राहिला. मग लडकू हात पुसत बाहेर आला. "यादवकडं हाय," तो म्हणाला.

यादव त्याच्याबरोबर वीस वर्षं मागावर होता, बनारसकडचा. आता नाक्यामागच्या गल्लीत कापड तपासून घड्या घालतात त्या जागी मुकादम होता. तिथे एका खोलीत छतापर्यंत कापडाचे तागे रचलेले असत. "त्या खोलीत बाहेरचा हॉर्न येत न्हाय," लडकू म्हणाला. "कापूस सगला आवाज खातो. आमी जेवान झाल्यावर तिथं झोपायचो."

हेमाली बघून आली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत इतकी शांतता कधी नव्हती.

अडचण एकच होती. यादव आणि तिथली माणसं लडकूला ओळखत होती, तिला ओळखत नव्हती. लडकूशिवाय कुणी येणार नव्हतं. तिने मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, "त्यांनी माणसं बोलवावीत. बाकी एक शब्द बोलायचा नाही. जमेल त्यांना?"

"काका, जमेल?"

"त्यात काय," लडकू म्हणाला.

पण जमणं सोपं नव्हतं. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की कारीगर गल्लीतून येत. काही शेजारच्या दुकानांतलेही येत. लडकू बाहेर एका उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसे. आत हेमाली, दार बंद. जो येई तो पहिल्यांदा त्यालाच विचारी.

"चाचा, अंदर क्या कराते हैं?"

"जाके देख."

"सुई लगाते हैं क्या?"

"नहीं."

"फिर? सरकारी है? नाम काट देंगे क्या?"

"कुछ नहीं काटते. पानी पी."

"अरे लडकू भाई," यादव म्हणाला, "तुम तो कारखाने में छह लूम के शोर में भी बोलते थे. आज क्या मुँह में धागा बाँधा है?"

लडकूने मान हलवली. त्याच्या ओठांवर सगळं येऊन थांबलं होतं. एका म्हाताऱ्या कारीगराला तो ओळखत होता, नजर कमी झालेली, हात कापणारा. हा आत जाणार, अडखळणार, आकडा वाईट लावणार हे लडकूला दिसत होतं. चष्मा लाव, एवढं तरी सांगावं असं त्याला वाटलं. तो उठला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि नाक्यावरच्या शेअर रिक्षांकडे तोंड करून उभा राहिला. म्हातारा आत गेला. बाहेर आला. लडकू परत येऊन डब्यावर बसला आणि त्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. हेमाली बाहेर आली की तो मान वळवायचा, कारण तिचं तोंड बघितलं की आत कसं चाललंय ते त्याला कळायचं, आणि कळलं की पुढच्या माणसाला सांगावंसं वाटायचं.

सात दिवस असं चाललं. संध्याकाळी रिक्षातून पूर्ण्याला परतताना दोघं कामाबद्दल बोलत नसत. एकदा तो म्हणाला, "बोलन्यापेक्षा गप बसायला जास्त मेहनत लागते." हेमालीने मान डोलावली.

तीस माणसं सातव्या दिवशी पूर्ण झाली. आकडे कुठेही गेले होते. सोळा जण आवाजात हळू झाले होते, तेरा जणांनी उलट वेगाने केलं होतं, एकाला दोन्ही वेळा अगदी सारखे सेकंद लागले. बहुतेकांनी दुसऱ्यांदा थोडं वेगात केलं होतं, माणसं करतात तसं. थरथरत्या हाताच्या म्हाताऱ्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागला होता, पण त्याचा एकही सात सुटला नव्हता. हिशेब करून झाल्यावर गृहीतक सिद्ध झालं नाही. हेमालीने तसं लिहिलं. पहिल्या तीस माणसांचंही लिहिलं, अर्धं पान: माहिती गोळा केली, का टाकून दिली, चूक कुठल्या खुणेवरून सापडली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले होते. त्यांनी निष्कर्षाचं पान पटकन उलटलं आणि त्या अर्ध्या पानावर थांबले. वीस मिनिटं त्यावरच विचारत राहिले. ती सांगत राहिली. दोन ठिकाणी तिला उत्तर आलं नाही. शंभरपैकी चौसष्ट मिळाले. वर्ष गेलं नाही.

निकाल कळला त्या दिवशी लडकू ओटीवर वाट बघत होता.

"रिझल्ट आला?"

"पास झाले. पण प्रयोगाचा रिझल्ट आला नाही, काका. आवाजाने फरक पडतो असं दिसलं नाही."

"आनि तू तसंच दिलंस?"

"तसंच."

"म्हंजे फॉल्टी कापड दिलंस, आनि त्यांनी घेतलं?"

"घेतलं."

लडकूने विचारलं, "किती कापले?"

"छत्तीस."

"कापले तर कापले," तो म्हणाला. "घेतलं ना." मग जरा वेळाने: "त्या अर्ध्या पानात माजं नाव हाय?"

"नाव लिहायचं नसतं. 'संशोधकाच्या नातेवाइकाने' असं लिहिलंय."

"नातेवाइक," लडकू म्हणाला. त्याला ते थोडं लागलं असावं. "सब्जेक्ट तरी लिवायचंस."

हेमालीने पिशवीतून एक कागद काढला. हिंदीत चार ओळी छापलेल्या होत्या. प्रयोग संपल्यावर ज्यांच्यावर केला त्यांना तो कशाचा होता हे सांगायचं असतं, हा नियम आहे, असं तिने त्याला समजावलं. उद्या ती नाक्यावर जाणार होती.

"म्हंजे आता बोलायचं असतं?"

"बोलायलाच हवं."

"मग मी जातो."

"तू सगळं नीट सांगशील?"

"तीन वर्सं मी तुजं सगलं ऐकलं," लडकू म्हणाला. "आनि सात दिवस गप बसलो."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो यादवच्या जागी त्याच डब्यावर बसला. दहा-बारा कारीगर जमले. त्याने खिशातला कागद काढला, वाचला आणि मग कागद बाजूला ठेवून सांगायला लागला. दोनदा का करून घेतलं ते सांगितलं. चिठ्ठ्या कशासाठी होत्या ते सांगितलं. पूर्ण्याला पहिल्यांदा काय झालं होतं आणि ते कुणी केलं होतं तेही सांगितलं, न लपवता. माणसं हसली, तोही हसला. आवाज मोठा असल्यामुळे गल्लीच्या टोकाला रिक्षावालेही ऐकत होते. सगळं सांगून झाल्यावर यादवने विचारलं, "वो सब ठीक है, लडकू भाई. मगर हम लोग पास हुए कि फेल?"

लडकूने तोंड उघडलं. समोर यादवचा चेहरा होता, त्याच्यामागे तो म्हातारा कारीगर होता, आणि सगळ्यांना एकच उत्तर हवं होतं. काय बोललं म्हणजे त्यांना बरं वाटेल हे त्याला नेमकं ठाऊक होतं. त्याने कागद पुन्हा उघडून चारही ओळी वाचल्या. त्यात ते लिहिलेलं नव्हतं.

"मालूम नहीं," तो म्हणाला. "लड़की से पूछ के कल बताता हूँ."